हातच्या कंकणाला आरसा

मागच्या पावसाळ्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एक व्हिडिओ आला. पुरात गळ्यापर्यंत बुडालेलं देऊळ, कळसाला बिलगलेली माकडीण आणि तिच्या पोटाशी पिल्लू. माझ्या बहिणीने तो पाठवला होता, खाली हात जोडलेले. माझ्या मुलीने विचारलं, "मावशी, हा कुणी काढलाय?" बहीण म्हणाली, "कुणी का काढेना, डोळ्यांनी दिसतंय ना?" त्यावरून दोघींची संध्याकाळभर जुंपली.

बहिणीच्या बोलण्यामागे एक जुनी म्हण उभी होती: हातच्या कंकणाला आरसा कशाला? जे समोर दिसतं त्याला पुरावा लागत नाही. मुलीच्या प्रश्नामागे मात्र हीच म्हण तपासून पाहण्याची अडीच हजार वर्षांची परंपरा होती, तिला ठाऊक असो वा नसो. पाहणं म्हणजे काय, पाहिलेल्यावर विश्वास का ठेवायचा आणि चित्राने काही 'सांगितलं' म्हणजे नेमकं काय घडलं, या प्रश्नांची उत्तरं वेळोवेळी बदलत गेली. त्यांचा हा आढावा. माझं म्हणणं आधीच सांगून ठेवते. गेली पावणेदोनशेहून अधिक वर्षं आपण कॅमेऱ्याच्या चित्राला प्रत्यक्षाचा मान दिला. तो त्याचा कधीच नव्हता. ते चित्र अनुमानाचं साधन होतं आणि आता ते शब्दप्रमाणाच्या रांगेत जाऊन बसतंय. हे ओळखण्याची साधनं आपल्याच दर्शनपरंपरेत तयार आहेत.

डोळ्यातून निघणारा किरण

डोळ्यातून काहीतरी बाहेर जातं, असं आपली भाषा अजूनही मानते. नजर पडते, नजर खिळते, नजर लागते. बाळ किरकिरं झालं की मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतात. याच कल्पनेला एके काळी गंभीर सिद्धांताचं स्थान होतं. प्लेटोच्या मते डोळ्यातलं सौम्य तेज बाहेरच्या उजेडाशी एकजीव होतं आणि त्या वाटेने वस्तूची हालचाल आपल्यापर्यंत पोचते. युक्लिडने दृष्टिकिरणांचा शंकू कल्पून त्यावर आपलं दृष्टीचं भूमितिशास्त्र उभं केलं. किरण नेमका कोणत्या दिशेने जातो, याने त्याच्या भूमितीला काही बाध येत नव्हता.

आपल्याकडे नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांची, भूमिका याच वळणाची होती. इंद्रिय आणि विषय यांचा संनिकर्ष, म्हणजे संपर्क, झाल्यावाचून प्रत्यक्ष ज्ञान नाही, हा त्यांचा पाया. मग दूरच्या डोंगराशी डोळ्याचा संनिकर्ष कसा होणार? त्यांचं उत्तर असं की डोळा तैजस आहे आणि त्याचा किरण डोंगरापर्यंत जातो. हा किरण दिसत का नाही, असं विचारलं तर न्यायसूत्रं रात्री हिंडणाऱ्या प्राण्यांकडे बोट दाखवतात. अंधारात चमकणारे मांजराचे डोळे हा त्यांचा पुरावा. बौद्ध आणि जैन पंडितांना हे मान्य नव्हतं. झाडाची फांदी आणि तिच्याआडचा चंद्र डोळा उघडताच एकदम दिसतात. किरण प्रवास करत असता तर फांदी आधी आणि चंद्र मागून दिसायला हवा होता. नैयायिकांनी उत्तर दिलं: एकावर एक ठेवलेल्या शंभर कमळपाकळ्यांतून सुई जाते तेव्हा त्या एकदम छेदल्यासारख्या वाटतात, पण छेदल्या जातात एकेकच. वेग इतका की क्रम जाणवत नाही.

भौतिकशास्त्राच्या बाजूने पाहिलं तर इथे नैयायिक चुकले. पण या वादात दुसरी एक गोष्ट घडली आणि ती टिकून राहिली. बौद्ध पंडित दिङ्नागाने 'दिसणं' आणि 'अमुक आहे असं दिसणं' यांची फारकत केली. त्याच्या मते प्रत्यक्ष म्हणजे ज्यात कल्पना मिसळलेली नाही असं ज्ञान. निळा रंग डोळ्यात उतरतो ते प्रत्यक्ष, 'हे निळं लुगडं' म्हटलं की त्यात नाव आणि जात येऊन मिसळली. पुढच्या नैयायिकांनी निर्विकल्पक आणि सविकल्पक असे दोन टप्पे मानून ही फारकत आपल्या पद्धतीने सामावून घेतली. दोरी साप भासते, शिंपली चांदी भासते, तेव्हा चूक डोळ्याची की मनाची, हा वाद त्यानंतर शतकानुशतकं चालला.

किरणाची दिशा कायमची उलटवली ती इब्न अल-हैथमने. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत काम केलेल्या या विद्वानाने अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात दृष्टीवर मोठा ग्रंथ लिहिला. सूर्याकडे रोखून पाहिलं की डोळा दुखतो. उजळ वस्तू पाहून डोळे मिटले तरी तिची छाप मागे राहते. म्हणजे प्रकाश बाहेरून आत येतो आणि डोळ्यावर काही करतो. मात्र वस्तू किती मोठी, किती लांब, हे नुसत्या प्रकाशातून कळत नाही. मन इतक्या झटपट अनुमान करतं की आपल्याला ते अनुमान वाटतच नाही, असं त्याने सांगितलं. दिङ्नाग आणि इब्न अल-हैथम यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता, तरी दोघांनी पाहण्याच्या पोटात लपलेलं मनाचं काम हेरलं.

पडद्यावरचं उलटं चित्र

१६०४ साली केप्लरने दाखवलं की डोळ्यातलं भिंग मागच्या पडद्यावर बाहेरच्या जगाचं उलटं चित्र पाडतं. ते उलटं चित्र मनाला सुलटं कसं दिसतं, हा प्रश्न त्याने इतरांवर सोपवला. १६३७ मध्ये देकार्तने प्रयोगाची रीत लिहिली. बैलाचा डोळा घ्यायचा, मागची आवरणं खरवडायची, तिथे अंड्याचं पातळ कवच लावायचं आणि अंधाऱ्या खोलीच्या खिडकीतल्या भोकात तो डोळा बसवायचा. कवचावर बाहेरचा देखावा इवलासा होऊन उतरतो. पण देकार्तने लगेच बजावलं की मेंदूत आणखी दोन डोळे बसून हे चित्र पाहतात अशी समजूत करून घेऊ नका. तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राचं उदाहरण त्याने दिलं. कागदावर इकडेतिकडे थोडी शाई असते, आणि आपल्याला रानं, गावं, माणसं दिसतात. वर्तुळ वर्तुळासारखं दिसावं म्हणून चित्रकाराला बऱ्याचदा लंबवर्तुळ काढावं लागतं. चित्र वस्तूसारखं नसूनही वस्तू दाखवू शकतं, हा दृश्य संवादाचा मूळ धडा त्याने देऊन ठेवला.

या पडद्याचा अनुभव मला माझ्या आईने दिला. तिच्या एका डोळ्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी पट्टी काढल्यावर ती खाटेवर बसून कधी हा डोळा झाकायची, कधी तो, आणि समोरच्या भिंतीकडे पाहायची. नव्या डोळ्याला भिंत पांढरी, किंचित निळसर. जुन्या डोळ्याला तीच भिंत चहा सांडून वाळल्यासारखी. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं आणि निळा प्रकाश अडवतं, हे डॉक्टरांनी तिला समजावलं. तरी आईने मला विचारलं, "मग खरी भिंत कुठली गं?" इतकी वर्षं ती पिवळ्या जगात राहत होती आणि त्या जगालाच पांढरं म्हणत होती.

असाच प्रश्न १६८८ मध्ये डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यूने जॉन लॉकला पत्रातून विचारला होता. मॉलिन्यूची पत्नी आंधळी झाली होती. जन्मांध माणसाला हाताने चाचपून घन आणि गोल ओळखता येतात. त्याला अचानक दृष्टी आली तर नुसतं पाहून तो यातला घन कोणता, गोल कोणता हे सांगेल का? लॉक म्हणाला, नाही. १७०९ मध्ये बर्कलीने तर अंतर डोळ्यांना दिसतच नाही, स्पर्शाच्या अनुभवातून आपण ते शिकतो, असा सिद्धांत मांडला. या प्रश्नाला प्रयोगातून उत्तर मिळालं ते भारतात. पवन सिन्हा यांच्या 'प्रोजेक्ट प्रकाश' या उपक्रमात जन्मापासून मोतीबिंदू असलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया होतात. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८ ते १७ वयाची ५ मुलं होती. दृष्टी आल्याबरोबर त्यांना हाताने चाचपलेली वस्तू डोळ्याने ओळखता येईना. मात्र काही दिवसांतच ती ओळखू लागली. लॉकचं 'नाही' खरं ठरलं, पण डोळा किती लवकर शिकतो याचा अंदाज त्यालाही नव्हता.

एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झने पाहण्याला 'नकळत केलेलं अनुमान' म्हटलं. याचा पडताळा घरबसल्या घेता येतो. कोऱ्या कागदावर एक फुली काढा, तिच्या उजवीकडे चार बोटांवर ठसठशीत ठिपका. डावा डोळा मिटून उजव्या डोळ्याने फुलीकडे टक लावा आणि कागद हळूहळू मागेपुढे करा. साधारण फूटभर अंतरावर ठिपका नाहीसा होईल. डोळ्यातून मज्जातंतू बाहेर पडतो त्या जागी पडद्याला काहीच दिसत नाही. पण तिथे काळं भोक दिसत नाही, कोरा कागदच दिसतो. मेंदूने आजूबाजूचं पाहून तेवढी जागा भरून काढलेली असते. आपण जन्मभर ही भरणी पाहतो आणि तिला प्रत्यक्ष म्हणतो.

चित्र वाचावं लागतं

विसाव्या शतकात प्रश्नाचं केंद्र डोळा आणि मेंदू यांच्याकडून अर्थाकडे सरकलं. विट्गेन्स्टाइनने बदक आणि ससा दोन्ही दिसणाऱ्या एका चित्रावर बराच विचार केला. रेघा त्याच, डोळा तोच, तरी क्षणात बदकाचा ससा होतो. बदललं काय? हॅन्सनने १९५८ मध्ये हाच प्रश्न विज्ञानाला विचारला. पृथ्वी स्थिर मानणारा टायको ब्राहे आणि सूर्य स्थिर मानणारा केप्लर पहाटे एकाच टेकडीवर उभे आहेत. दोघांना सारखंच दिसतं का? हॅन्सनच्या मते एकाला वर चढणारा सूर्य दिसतो, दुसऱ्याला त्याच्यासमोर फिरून येणारी पृथ्वी.

१९६८ मध्ये नेल्सन गुडमनने साम्याची कल्पनाच झटकली. गडाचं चित्र गडापेक्षा दुसऱ्या कुठल्याही चित्रासारखं जास्त असतं, दोन्ही सपाट आणि रंग फासलेली. तरी ते त्या दुसऱ्या चित्राचं चित्र नसतं, गडाचंच असतं. म्हणजे चित्र हीही रीतीने ठरलेली, शिकावी लागणारी भाषा आहे. हे टोकाचं मत मला पूर्ण पटत नाही. आंबा पाहिलेल्या मुलाला आंब्याचं चित्र ओळखायला व्याकरण शिकावं लागत नाही. पण त्या आंब्याने काय सांगायचं आहे, हे मात्र रीतीशिवाय कळत नाही.

याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्या देशाने दिला. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता सुमारे १८ टक्के होती आणि मतदार होते १७ कोटींच्या वर. म्हणून पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली आणि तिच्यावर चिन्ह लावलं. काँग्रेसची बैलजोडी, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती, जनसंघाचा दिवा. बैल ओळखायला शिकवणीची गरज नव्हती. पण बैलजोडीच्या पेटीत कागद टाकणं म्हणजे एका पक्षाला राज्य करायला सांगणं, हा अर्थ गावोगाव सभा घेऊन, भिंती रंगवून शिकवावा लागला. त्याआधी, १९२० च्या दशकात, व्हिएन्नात ओटो नॉइराटने आकडेवारी सामान्य माणसाला कळावी म्हणून चित्रखुणांची पद्धत रचली होती. संख्या वाढली तर खूण मोठी करायची नाही, खुणा वाढवायच्या, हा तिचा नियम. शब्द माणसांना तोडतात आणि चित्रं जोडतात, असा त्याला विश्वास होता. आपल्या मतपेट्यांनी तो विश्वास अर्धा खरा ठरवला. चित्र जोडतं, पण आधी त्याचा अर्थ चारचौघांत ठरावा लागतो.

कोण पाहतं, कुणाला

१९७० च्या दशकात या विचारात सत्ता आली. जॉन बर्जरने १९७२ मध्ये बीबीसीवरच्या चार भागांच्या मालिकेत दाखवलं की युरोपीय चित्रातली स्त्री पाहणाऱ्या पुरुषासाठी मांडलेली असते आणि स्वतःकडेही त्याच्याच डोळ्यांनी पाहायला शिकते. १९७५ मध्ये लॉरा मल्वीने तीच गोष्ट सिनेमाच्या कॅमेऱ्याबद्दल मांडली. त्याच वर्षी फुकोने बेंथमच्या तुरुंगाचा नकाशा उलगडला. मधल्या मनोऱ्यातून कुणी पाहतंय की नाही हे कैद्याला कळत नाही, म्हणून तो स्वतःवरच पहारा ठेवतो.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. १८६८ ते १८७५ या काळात ब्रिटिशांनी 'द पीपल ऑफ इंडिया' हे आठ खंड काढले. त्यांत माणसांची छायाचित्रं जाती-जमातींचे नमुने म्हणून मांडली होती. अनेक चित्रांत माणसाचं नावच नाही, नुसता वर्ग. कॅमेऱ्यासमोर उभं राहिलेल्याला आपण कोण आहोत हे सांगायची मुभा नव्हती. त्यानंतरचा बदल पाहायचा असेल तर कुठल्याही भीमनगराच्या कमानीपाशी जावं. तिथे बाबासाहेबांचा पुतळा: निळा सूट, हातात संविधान, पुढे रोखलेलं बोट. ज्या समाजाची सावलीही नको म्हटली गेली, त्याने आपली प्रतिमा स्वतः ठरवली आणि चौकात, मान वर करून पाहावी लागेल अशा उंचीवर उभी केली. दृश्य संवादाचं तत्त्वज्ञान लिहिणाऱ्यांनी बर्जरइतक्याच गांभीर्याने या पुतळ्यांकडे पाहायला हवं.

युरोपीय चर्चेत पाहणारा बहुधा शिकारी असतो आणि दिसणारा सावज. आपल्या 'दर्शन' शब्दात तिसरी शक्यता आहे. पंढरीत पदस्पर्शदर्शनाची रांग वेगळी, मुखदर्शनाची वेगळी. ज्याला दोन्ही साधत नाही तो लांबून कळसाचं दर्शन घेतो. तिन्ही ठिकाणी भक्ताला पाहायचं तर असतंच, पण विठ्ठलाने आपल्याला पाहावं हेही हवं असतं. पेणच्या गणपती कारखान्यात मूर्ती रंगवून झाल्यावर डोळ्यांची आखणी उरते. ते काम सरावलेल्या हाताकडेच असतं, कारण नजर चुकली तर मूर्ती आपल्याकडे पाहत नाही. आपल्याकडे तत्त्वज्ञानाच्या शाखांनाही दर्शनंच म्हणतात. ज्ञानेश्वरांनी चांगदेव पासष्टीत द्रष्टा, दृश्य आणि दर्शन ही त्रिपुटी एकाच तत्त्वात विरते असं मांडलं आणि त्यासाठी आरशाचा दृष्टांत घेतला: आरसा नसला तरी मुख असतंच. पासष्टी हे ज्ञानेश्वरांचं पत्र ज्याच्या उत्तरादाखल लिहिलं, ते चांगदेवांचं पत्र आख्यायिकेनुसार कोरं होतं. कोऱ्या कागदालाही वाचणारा भेटला.

धूर आणि अग्नी

१८३९ मध्ये पॅरिसमध्ये छायाचित्रणाची रीत जाहीर झाली. त्याच वर्षी जन्मलेल्या चार्ल्स पर्सने पुढे चिन्हांचे प्रकार पाडले. त्याच्या मते छायाचित्र हुबेहूब दिसतं म्हणून विश्वसनीय नसतं. वस्तूवरून आलेल्या प्रकाशाने ते घडलेलं असतं, म्हणून ते तिची खूण ठरतं, जसा धूर अग्नीची. इथे मराठी वाचकाला ओळखीची खूण पटेल. पर्वतावर धूर आहे म्हणजे अग्नी आहे, हे न्यायातल्या अनुमानाचं ठरलेलं उदाहरण. धूर आणि अग्नी यांच्यातल्या अटळ साहचर्याला व्याप्ती म्हणतात. छायाचित्राची सगळी पत एका व्याप्तीवर उभी होती: वस्तू समोर असल्यावाचून तिचं चित्र उमटत नाही.

त्या बळावर छायाचित्राने डोळ्याच्या पलीकडचंही दाखवलं. त्र्यंबकचे दादासाहेब फाळके चित्रपटासाठी भांडवल शोधत होते तेव्हा त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची दिवसामागून दिवस एकेक चौकट टिपली आणि वाढता अंकुर पडद्यावर दाखवला. तो कुणीच पाहिलेला नव्हता, तरी पाहणाऱ्यांना पटला. अनुमान पक्कं होतं. धुक्याला धूर समजण्याचा हेत्वाभासही नवा नाही. स्टालिनशेजारी उभा असलेला येझोव्ह मर्जीतून उतरल्यावर छायाचित्रातूनही पुसला गेला. पण तो अपवाद असे आणि अपवाद घडवायला कसबी हात लागत.

आता व्याप्तीच तुटली आहे. २०२३ मध्ये बोरिस एल्डाग्सेन या जर्मन छायाचित्रकाराच्या चित्राला सोनीच्या जागतिक छायाचित्र स्पर्धेत पारितोषिक मिळालं. ते कृत्रिम बुद्धिमत्तेने घडवलेलं आहे, छायाचित्र नाही, असं सांगून त्याने ते नाकारलं. नुसतं चित्राकडे पाहून ते सहज कळत नव्हतं. जिथे अग्नी नसताना हुबेहूब धूर निघतो, तिथे धुरावरून काही सिद्ध होत नाही.

म्हणून काही जण म्हणतात, आता कुठल्याच चित्रावर विश्वास नको. हे मत मला घातक वाटतं. अन्याय झालेल्याने जीव धोक्यात घालून टिपलेलं खरं चित्रही मग खोट्यात जमा होईल आणि त्यात फायदा अन्याय करणाऱ्याचाच. नैयायिकांकडे याहून चांगली वाट आहे. प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्यापलीकडे ते शब्द हे प्रमाण मानतात, आणि शब्द म्हणजे आप्ताने सांगितलेलं. आप्त कोण? न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यानुसार ज्याने ती गोष्ट साक्षात जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो. ही कसोटी ऋषी, आर्य आणि म्लेच्छ, तिघांना सारखीच लागू आहे, असंही तो स्पष्ट लिहितो. पदवी, जात, लाखभर अनुयायी यांचा तिथे उपयोग नाही. तू तिथे होतास का आणि तुला खरं सांगायचं आहे का, एवढंच विचारायचं.

२०२१ पासून अडोबी, मायक्रोसॉफ्ट, बीबीसी यांसारख्या संस्था चित्रासोबत त्याचा जन्मदाखला जोडण्याची पद्धत घडवत आहेत: ते कशाने घडलं, कधी, पुढे काय बदल झाले. हे काम गरजेचं आहे, पण दाखला आप्ताची पहिली अट फार तर तपासेल. दुसरी अट, खरं सांगण्याची इच्छा, यंत्राला तपासता येत नाही. ती माणसांमधल्या ओळखीतून आणि विश्वासातून ठरते. शाळेत मुलांना बातमी वाचायला शिकवतो तसं चित्र वाचायला शिकवायला हवं, आणि त्याचा पहिला धडा माझ्या मुलीच्या प्रश्नाचाच असावा.

माकडिणीच्या व्हिडिओचा उगम आम्हाला शेवटपर्यंत सापडला नाही. बहीण दोन दिवस गटावर गप्प होती. तिसऱ्या दिवशी तिने एक फोटो टाकला: परसातल्या जास्वंदीला लागलेलं पहिलं फूल, थोडं हललेलं, कोपऱ्यात तिचंच बोट आलेलं. खाली लिहिलं होतं, "हा मी काढलाय. आज सकाळी, पाणी घालताना."